बुदोकान, दुसरा मजला, शेवटून दुसरी रांग: सेइयूच्या लाइव्हचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू हॉलचा आहे, म्हणजे टोकियोतल्या निप्पोन बुदोकानचा, आणि तिथे सेइयूचा लाइव्ह बघायला जायचं झालं तर तिकिटापासून परतीच्या ट्रेनपर्यंत काय काय होतं त्याचा. सेइयू म्हणजे आवाज देणारे कलाकार, ॲनिमेतली म्हणजे जपानी कार्टून मालिकांमधली पात्रं, गेम्स, परदेशी सिनेमांचं डबिंग ह्या सगळ्यामागे ज्यांचा आवाज असतो ते, आणि जपानमध्ये त्यातले बरेच जण स्वतःच्या नावावर गाणी काढतात, अल्बम काढतात, टूर पण करतात. कॉन्सर्टला इथे सगळे लाइव्हच म्हणतात म्हणून मी पण तेच लिहिणार आहे. मी ज्या गायिकेला ऐकायला गेले होते तिचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव आलं की सगळी चर्चा ती भारी की दुसरी भारी ह्यावर जाते आणि हॉल राहतो बाजूला.

आणि मला जे सांगायचंय ते हॉलबद्दलच आहे. माझं तिकीट दुसऱ्या मजल्यावर, शेवटून दुसऱ्या रांगेतलं निघालं तेव्हा मी अक्षरशः हिरमुसले होते, दोन महिने वाट बघून, सीडी विकत घेऊन, लॉटरी लागून शेवटी छताजवळची जागा. लाइव्ह संपल्यावर मात्र मी ठाम मताची झालेय की सेइयूसाठी ती जागा वाईट नाहीच. ह्या लोकांचं काम काय आहे, तर चेहरा दिसत नसताना आवाजाने तुमच्यापर्यंत पोचायचं. मग ते काम किती जमतं हे पहिल्या रांगेत बसून कसं कळणार, ते शेवटच्या रांगेतच कळतं. का ते खाली येईलच.

तर तिकीट. ज्यांनी कधी जपानमध्ये लाइव्हचं तिकीट काढलं नाहीये त्यांना वाटेल की साइटवर जायचं, सीट निवडायची, पैसे भरायचे, झालं. तसं नसतं. मोठ्या लाइव्हला जवळजवळ सगळं लॉटरीवर चालतं, त्याला चूसेन म्हणतात. पहिली फेरी फॅन क्लबच्या मेंबरांची, मग नव्या सीडीच्या पहिल्या छपाईत एक कागद असतो त्यावर सिरीयल नंबर असतो, तो टाकून अर्ज करायची फेरी, मग तिकीट साइटच्या दोनतीन फेऱ्या आणि सगळ्यात शेवटी जे उरेल ते सगळ्यांसाठी खुलं, आणि त्यात बहुतेक वेळा काही उरलेलं नसतं. मी सीडीवाल्या फेरीत अर्ज केला. एका सिरीयलवर एक अर्ज, म्हणून काही लोक एकच सीडी पाच-पाच सहा-सहा घेतात आणि मला हे अजिबात पटत नाही. गाणं ऐकायला एक सीडी पुरते, बाकीच्या खोक्यात पडून राहतात. मी एकच घेतली, एकदाच अर्ज केला आणि लागली, ह्यात माझं काही कर्तृत्व नाही, नशीब.

सीट तुम्हाला निवडता येत नाही, आणि बऱ्याचदा सीट कुठली हे लाइव्हच्या काही दिवस आधीच फोनवर दिसतं. तिकीट ९,९०० येन, त्यावर सिस्टीम फी, तिकीट काढायची फी, कोंबिनीत म्हणजे कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये पैसे भरले तर त्याची वेगळी फी, असं करत साडेदहा हजाराच्या वर जातं. ज्या साइटवरून मी काढलं तिचं नाव घेत नाही पण तिला मी ५ पैकी २ च देईन. तिला फोन नंबर पडताळायला खरा कॉल लावून दाखवावा लागतो आणि माझं तेव्हाचं सिम फक्त डेटाचं होतं, म्हणजे कॉल करायचा नंबरच नाही. शेवटी नवीन सिम घेतलं, अर्जाची मुदत संपायला एक दिवस असताना. आणि नाव काताकाना ह्या जपानी लिपीत लिहायचं, पण आपल्या झाइर्यू कार्डावर, म्हणजे परदेशी लोकांच्या रहिवासी कार्डावर, ते रोमन अक्षरात, मग गेटवर ओळख तपासली तर काय होईल ही धाकधूक शेवटपर्यंत. तुम्ही पण परदेशी असाल तर माझं ऐका, कॉल होणारा नंबर आधी घ्या, कार्ड जवळ ठेवा, आणि नाव सगळीकडे एकाच क्रमाने लिहा, आडनाव आधी तर सगळीकडे आधी.

एक गोष्ट मात्र चांगली झालीये, ब्लॅकवाले कमी झालेत. २०१९ च्या जूनपासून जपानमध्ये तिकिटाच्या बेकायदेशीर पुनर्विक्रीविरुद्ध कायदा आहे, मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकिटं विकायचा धंदा केला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाता आलं नाही तर ऑफिशियल रीसेलला टाकायचं, तिथून दुसऱ्या कुणाला तरी मूळ किमतीत मिळतं. आणि लॉटरी नाही लागली तरी शेवटच्या आठवड्यात लक्ष ठेवा, स्टेज उभं राहिलं, कॅमेरे आणि मिक्सरचे टेबल बसले की त्याच्या आसपास ज्या सीटा मोकळ्या राहतात त्या किझाई काइहो-सेकी म्हणून विकायला काढतात, म्हणजे सामानासाठी राखून ठेवलेल्या आणि आता सोडलेल्या जागा. ह्यातल्या काही काही सीटा माझ्या सीटपेक्षा कितीतरी पुढच्या असतात.

आता पोचायचं कसं. कुदानशिता स्टेशन, तिथे तोझाई, हान्झोमोन आणि तोएई शिंजुकू अशा तीन लाईन येतात, २ नंबरच्या एक्झिटने वर या आणि चढाने गर्दीच्या मागे चालत राहा, हरवायचा प्रश्नच नाही कारण सगळ्यांच्या बॅगांवर त्याच त्याच गायिकेचे बिल्ले असतात. मग खंदक लागतो, एडोच्या म्हणजे जुन्या टोकियोच्या किल्ल्याचा, आणि तायासुमोन नावाचा दरवाजा. हा दरवाजा १६३६ सालचा आहे. मी नेहमी ह्या दरवाजाखाली दोन मिनिटं थांबते, बाजूने लोक टीशर्ट बदलत असतात, ग्रुप फोटो काढत असतात, आणि वर ती जाडजूड लाकडं. आत किटानोमारु पार्क, आणि झाडांतून एकदम ते आठ कोनी छप्पर दिसतं, टोकाला सोनेरी कांद्याच्या आकाराचा कळस. त्या कांद्यावर एक जुनं गाजलेलं गाणं आहे, त्याची धून २०१५ पासून कुदानशिताच्या तोझाई लाईनच्या फलाटावर ट्रेन निघताना वाजते, त्यामुळे येताना तोझाईने आलात तर स्टेशनपासूनच माहोल सुरू.

बिल्डिंग १९६४ ची, टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युडोसाठी बांधलेली, यामादा मामोरु ह्या आर्किटेक्टने होर्यूजी देवळातल्या युमेदोनो ह्या आठ कोनी वास्तूवरून आकार घेतला. बुदो म्हणजे युद्धकला, नावातच आहे. १९६६ मध्ये बीटल्स इथे वाजवून गेले तेव्हा ज्युडोच्या जागेत असला गोंगाट कशाला म्हणून केवढा विरोध झाला होता, आणि आता मात्र जपानमधल्या कुठल्याही गाणाऱ्याला विचारा, बुदोकानला उभं राहायचं स्वप्न असतंच असतं. २०२० च्या ऑलिंपिकसाठी आतून बरीच डागडुजी झाली, पण आत शिरल्यावर जागेचा जुना स्वभाव तसाच आहे, छताच्या मधोमध मोठा जपानी झेंडा लटकलेला आणि त्याच्याभोवती लाइट्सचे सांगाडे.

लाइव्हच्या खास वस्तू, टॉवेल, पेनलाइट वगैरे, विकत घ्यायची लाइन सकाळपासून असते. मी दुपारी १ ला गेले, दोन तास उभी राहिले, आणि माझा नंबर आला तोपर्यंत मला हवा असलेला टॉवेल संपला होता. टॉवेल २,२०० चा, पेनलाइट म्हणजे हातात धरून हलवायचा रंगीत दिवा ३,००० चा, असं साधारण असतं. ऑनलाइन आधी मागवता येत असेल तर आधीच मागवा, नाहीतर नंतर पुन्हा विक्री लागते का बघा, दोन तास उन्हात उभं राहण्यासारखं त्यात काही नाही. त्यापेक्षा फुलं बघा. लाइव्हला फॅन्स पैसे गोळा करून मोठाले फुलांचे स्टँड पाठवतात, त्याला फुरासुता म्हणतात, आणि हे नुसते गुच्छ नसतात, कुणी गायिकेच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरच्या रंगात लावलेली फुलं, कुणी फुग्यांनी आख्खा ड्रेस केलेला, खाली बोर्डावर पैसे देणाऱ्यांची टोपणनावं बारीक अक्षरात. मी प्रत्येक बोर्ड वाचला. एका स्टँडवर तिने बऱ्याच वर्षांपूर्वी केलेलं अगदी छोटं पात्र होतं, दोन का तीन एपिसोडमध्ये येऊन गेलेलं, आणि कुणाला तरी ते आठवत होतं, नुसतं आठवत नव्हतं तर त्याच्यासाठी त्याने लोकांकडून पैसे गोळा केले होते. मला तिथेच भरून आलं.

सीटांचं गणित नीट समजून घ्या कारण तिकिटावर सगळं दिशांमध्ये लिहिलेलं असतं. खाली मधली सपाट जागा म्हणजे अरीना, ती तळघराच्या लेव्हलला आहे, त्याच्याभोवती पहिला मजला आणि त्याच्यावर दुसरा मजला, आणि आठ बाजू म्हणून पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य अशी नावं. स्टेज बहुतेक वेळा उत्तरेला. म्हणजे दक्षिण लिहिलं असेल तर तुम्ही बरोब्बर समोर, पूर्व-पश्चिम असेल तर बाजूने, आणि ईशान्य-वायव्य असेल तर स्टेजच्या जवळजवळ कुशीत, जवळ असता पण मागचा स्क्रीन दिसत नाही, अशा जागा कधीकधी मिकिरे-सेकी म्हणून वेगळ्या विकतात. अरीनाचं तिकीट लागलं की लोक नाचतात पण ती जागा सपाट आहे, उंची कमी असेल तर समोरच्याच्या खांद्यामधून बघायची तयारी ठेवा. माझ्या मते सगळ्यात मस्त म्हणजे पहिला मजला, आग्नेय किंवा नैर्ऋत्य. आणि दुसरा मजला खूप चढा आहे, पायऱ्या उतरताना कठड्याला हात धरावा असं वाटतं, पण त्याच चढामुळे पुढच्याचं डोकं कधीच मध्ये येत नाही, सगळं स्टेज आणि खालचा सगळा अरीना एका नजरेत. सगळ्या सीटा धरल्या तर १४ हजारांच्या वर लोक मावतात, तरी गोल-गोल बसवलेले असल्यामुळे समोरच्या बाजूचे लोक तुम्हाला दिसतात, त्यांचे हात दिसतात, हॉल मोठा आहे असं वाटतच नाही.

माझ्यासोबत ऑफिसमधल्या एक सीनियर होत्या. सीटवर बसल्यावर मी म्हटलं, "सॉरी हं, फार मागची जागा मिळाली." त्या म्हणाल्या, "अगं मी पहिल्यांदा आले तेव्हा ह्याच्यापेक्षा मागे होते." ते साल १९९७, त्या कॉलेजात होत्या, आणि लाइव्ह होता शीना हेकिरुचा. सेइयूने बुदोकानला सोलो लाइव्ह करायची ती पहिलीच वेळ. त्या सांगत होत्या की तेव्हा सेइयू हा शब्द घरी समजावून सांगावा लागायचा, आईला वाटलं मुलगी कार्टून बघायला बुदोकानला चाललीये. नव्वदच्या दशकाच्या मधल्या त्या वर्षांत सेइयूंची मासिकं निघायला लागली होती, रेडिओ कार्यक्रम होते, सीडी खपत होत्या, पण एवढा मोठा हॉल भरेल का हे कुणाला माहीत नव्हतं. तो भरला आणि मग वाट मोकळी झाली.

त्यानंतरची नावं तर बघा. मिझुकी नाना २००५ मध्ये इथे गायली, नारुतो ह्या ॲनिमेमधल्या हिनाताचा आवाज म्हटलं की लगेच कळेल, लहानपणी एन्का म्हणजे जुन्या वळणाची जपानी गाणी शिकलेली म्हणून तिच्या लांबवलेल्या सुरांना एक वेगळाच पीळ आहे, पुढे २००९ मध्ये एनएचके ह्या जपानच्या सार्वजनिक टीव्हीच्या वर्षअखेरीच्या कोहाकू ह्या गाण्यांच्या कार्यक्रमात बोलावलेली ती पहिली सेइयू आणि २०११ मध्ये तर तिने टोकियो डोम ह्या मोठ्या स्टेडियममध्ये लाइव्ह केला. साकामोतो माआयाने २०१० च्या ३१ मार्चला, स्वतःच्या तिसाव्या वाढदिवशी, इथे लाइव्ह केला. पुरुषांमध्ये पहिला सोलो मियानो मामोरुचा, २०१३ मध्ये, डेथ नोट ह्या ॲनिमेत लाइट नावाच्या पात्राला आवाज देणारा तोच. २०१७ मध्ये पॉपिन'पार्टी हा बँड, ज्यात सेइयू मुली पात्रांचा आवाज पण देतात आणि स्टेजवर तीच वाद्यं खरोखर स्वतः वाजवतात. आणि ह्याच्या बरोब्बर उलटं उदाहरण हायाशिबारा मेगुमी, एवढी गाणी, एवढी लोकप्रियता, पण पहिला सोलो लाइव्ह थेट २०१७ मध्ये, तोही बुदोकानला नाही तर नाकानो सनप्लाझामध्ये, दोन हजारच्या आसपास सीटांचा हॉल. ती आधी नर्सिंगचं शिक्षण आणि आवाजाचं ट्रेनिंग एकाच वेळी करत होती. सीनियर म्हणाल्या, "तिचं मला पटतं, काही आवाज स्टुडिओतच जास्त शोभतात." आम्ही ह्यावर लाइव्ह सुरू होईपर्यंत वाद घातला, मला नाही पटलं.

आता लाइव्ह. संध्याकाळी ५ ला सुरू व्हायचा होता, सव्वापाचला दिवे गेले. पहिली दोन गाणी मला वर नीट ऐकू आली नाहीत, बेस आणि ड्रम्स इतके वर ठेवले होते की शब्द त्यात बुडत होते, आणि हे त्या दिवशीच्या साउंडवाल्यांचं काम, कारण तिसऱ्या गाण्यापासून त्यांनीच ते सावरलं आणि मग शेवटपर्यंत एकेक अक्षर वरपर्यंत येत होतं. बँड चांगला होता, ड्रेस तीनदा बदलले, स्टेजवरून एक फाटा अरीनाच्या मधोमध काढला होता, त्यावर ती दोनदा येऊन गायली, हे सगळं छान पण हे कुणाच्याही लाइव्हला असतं.

वेगळं काय होतं ते सांगते. साधारण मध्यावर ती एकटी स्टूलवर बसली, वाद्यं थांबली, आणि तिने एक पत्र वाचायला घेतलं, गाण्याच्या आधीची छोटीशी गोष्ट होती, एक मुलगी घर सोडून जाताना लिहिते अशी. सेइयूंच्या लाइव्हमध्ये असा वाचनाचा तुकडा पुष्कळदा असतो, रोदोकु म्हणतात. ती वाचत वाचत आवाज खाली आणत गेली, खाली, अजून खाली, शेवटी नुसता श्वास म्हणावा इतका, आणि मला शेवटून दुसऱ्या रांगेत तो श्वास ऐकू आला. मी दुर्बीण घेऊन गेले होते, ८ पटीची, ती मी मांडीवर ठेवून दिली. बघायची गरजच वाटली नाही. चौदा हजार माणसं आणि खोकला सुद्धा नाही.

घरी येऊन मी विचार करत होते की हे कसं झालं. तर ही मंडळी रोज जिथे काम करतात तो स्टुडिओ, तिथे समोर पडदा आणि एका रांगेत तीन-चार माइक, आणि दहा-पंधरा जण भिंतीकडेच्या बाकांवर. आपलं वाक्य आलं की उठायचं, पाऊल न वाजवता मोकळ्या माइकपाशी जायचं, हातातल्या स्क्रिप्टचं पान उलटताना कागदाचा आवाज येऊ द्यायचा नाही, ओरडायचं वाक्य असेल तर माइकपासून किती मागे, कुजबुज असेल तर किती जवळ, हे अंगात भिनलेलं. ती बुदोकानला उभी राहते तेव्हा तेच करते. जोरात गाताना माइक छातीपर्यंत खाली नेते, आणि बारीक बोलताना ओठांच्या कोपऱ्याला, अगदी समोर नाही, कोपऱ्याला, म्हणजे प आणि ब फुटत नाहीत. ही गोष्ट मी दुर्बिणीतून पहिल्या अर्ध्या तासात बघितली होती आणि तेव्हा तिचा अर्थ कळला नव्हता. खूप ताकदीचा गळा असलेले गायक मी ऐकलेत पण इतकं कमी बोलून इतकं लांब पोचणारं कुणी ऐकलं नव्हतं.

पैशाचा मुद्दा पण ह्यात आहे, तो लोकांना माहीत नसतो. सेइयूंच्या मोबदल्याची रँक सिस्टीम आहे, अर्ध्या तासाच्या एपिसोडला नवख्या ज्युनियरला १५ हजार येन, तिथून वर चढत ४५ हजारांपर्यंत, त्याच्यावर नो-रँक म्हणजे रक्कम बोलून ठरते. आणि वाक्यं किती आहेत ह्याचा काही संबंध नाही, आख्खा एपिसोड तुम्ही ओढा नाहीतर नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणा, तेवढेच, आणि त्यातून एजन्सीचा वाटा जातो. आठवड्याला एक एपिसोड मिळाला तरी टोकियोत भाडं भरायची पंचाईत. म्हणून गाणी, रेडिओ, इव्हेंट, वाचनाचे प्रयोग हे सगळं जोडून करिअर उभं राहतं. काही लोक म्हणतात की सेइयूंनी आवाज द्यावा, गाण्याच्या नादी लागू नये, त्यांना मी हेच सांगते, आणि शिवाय ते वाचन ऐकलं असतं तर बोलले नसते.

प्रेक्षकांबद्दल लिहायलाच हवं कारण अर्धा लाइव्ह ते करतात. प्रत्येक गायिकेचा एक रंग ठरलेला असतो, मिझुकी नाना म्हणजे निळा, तामुरा युकारी म्हणजे गुलाबी, आणि पेनलाइटचं बटण दाबून सगळे तो रंग लावतात. काही गाण्यांना रंग बदलायचा हे पण सगळ्यांना पाठ, कुणी सांगत नाही, ओळीच्या मध्ये एकदम आख्खा हॉल पांढऱ्याचा हिरवा होतो, आणि हे अरीनातून कळत नाही, वरूनच दिसतं, ह्यासाठी सुद्धा दुसरा मजला. एक गाणं असं असतं की त्यात नारंगी केमिकल लाइट मोडायचा, अल्ट्रा ऑरेंज, तो काही मिनिटंच जोरात पेटतो म्हणून नेमका क्षण साधायचा असतो. सीनियरनी पर्समधून दोन काढले, एक मला दिला आणि म्हणाल्या, "मी सांगेन तेव्हाच मोड." मी मोडला तेव्हा खाली सगळीकडे तेच होत होतं, ठिणग्यांसारखं.

आणि कॉल. गाण्याच्या मधल्या जागांमध्ये हाई हाई, ओळीला उत्तर, नावाने हाक. २०२० नंतर हे सगळं बंद होतं, लाइव्ह सुरू झाले तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, नुसत्या टाळ्या. मी २०२२ मध्ये एका दुसऱ्या हॉलला अशा लाइव्हला गेले होते, मास्क लावून, हजारो लोक आणि फक्त टाळ्या, गायिका म्हणाली तुमचा आवाज मला मनातल्या मनात ऐकू येतोय आणि शेजारची मुलगी रडायला लागली. २०२३ पासून परत सुरू झालं. ह्यावेळी अँकोरच्या, म्हणजे शेवटी पुन्हा येऊन गायच्या गाण्यांच्या, आधी अंधारात पहिली हाक कुणीतरी एकट्याने मारली, पूर्वेच्या बाजूने, आणि मग ती आठही बाजूंनी फिरत आली, आमच्यापर्यंत पोचली तेव्हा मी पण ओरडत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

नियम कडक आहेत, ते पाळा. फोटो-व्हिडिओ नाही, जागेवरून हलायचं नाही, उडी मारायची नाही, पेनलाइट खांद्याच्या वर फिरवायचा नाही, फार लांबीचा असेल तर आत घेतच नाहीत. टॉयलेट स्टेशनवर उरकून या. पुरुष सेइयूच्या लाइव्हला बायकांची रांग एवढी असते की सुरुवातीचं गाणं हुकू शकतं.

संपल्यावर लगेच उठता येत नाही, माइकवरून ब्लॉकचं नाव घेतात तेव्हाच त्या ब्लॉकने निघायचं, आणि दुसरा मजला कधी पहिला तर कधी सगळ्यात शेवटी. आम्ही पंचवीस मिनिटं बसून होतो. मला ते आवडलं, खाली लोक स्टेज सोडवायला लागले होते, केबल गुंडाळत होते. बाहेर आल्यावर कुदानशिताला सगळे एकदम जातात आणि फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, त्यापेक्षा जिंबोचोपर्यंत चालत जा, उताराचा रस्ता आहे, दहा-बारा मिनिटं. सीनियर त्याच रस्त्याने पुढे गेल्या. मला मात्र तोझाईच पकडायची होती म्हणून दोन ट्रेन सोडल्या, तिसरीत शिरले, दार लागायच्या आधी ती कांद्याची धून वाजली आणि डब्यातले सगळे, हातात गुंडाळलेले पोस्टर घेतलेले, एकदम गप्प झाले.